यादीबाहेरची पट्टी

“ह्या पट्ट्या कोणाच्या?”

कटिंगमधल्या चाळीस बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. चाळीस दांडे खालीवर होत राहिले, काजूच्या बिया फुटत राहिल्या. मी भिंतीवरच्या प्रथमोपचार पेटीसमोर उभी होते आणि माझ्या हातात कापडाच्या पट्ट्यांचं एक पुडकं होतं. पांढरट, मऊ कापड. चार बोटं रुंद आणि हातभर लांब अशा बारा पट्ट्या, नीट घड्या घालून वर सुतळीने बांधलेल्या.

“मी विचारतेय, ह्या पेटीत कोणी ठेवल्या?”

“कोणाच्या म्हंजे? पेटयेच्या,” भिंतीलगतच्या पहिल्या मशीनवरून भागीकाकी म्हणाली. दांडा ओढायचा तिने थांबवला नाही.

“पेटीच्या यादीत त्या नाहीत.”

“मगे घाल यादयेत. तुज्याकडे पेन आसा मां?”

बायका खुदखुदल्या. मी पुडकं काखेत मारलं, पेटीच्या कार्डावर तारीख घातली, सही ठोकली आणि तरातरा बाहेर पडले.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. कुडाळला तीन दिवसांचं प्रथमोपचाराचं शिबिर करून आले होते. त्याचं प्रमाणपत्र काचेत घालून ऑफिसात माझ्या टेबलामागे टांगलं होतं. आणि आल्यापासून कारखान्यात मालवणी बोलणं बंद केलं होतं. घरी ‘माका-तुका’, पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की ‘मला-तुम्हाला’. ज्या बायकांनी मला कडेवर घेतलं होतं त्यांना त्याची भारी गंमत वाटायची. मी समोरून आले की एकमेकींना म्हणायच्या, “गो, सरळ बसा, पुण्याची बाई इली.”

आमचा काजूचा कारखाना वेंगुर्ल्यापासून चार मैलांवर, माडांच्या बागेला लागून होता. मालकांना सगळे भाई म्हणत. मी त्यांच्या ऑफिसात हजेरीपुस्तक लिहायची, तेही रोजंदारीवर. त्या वर्षी भाईंना परदेशातली एक मोठी ऑर्डर मिळायच्या बेतात होती. ती मिळाली असती तर बायकांना सहा महिन्यांऐवजी बारा महिने काम लागणार होतं. पण माल घेणाऱ्यांची तपासणीस मार्चमध्ये येऊन सगळा कारखाना बघणार होती, आणि तिच्या कागदात प्रथमोपचार पेट्यांना एक अख्खं पान होतं. दहा वस्तूंची यादी, वस्तू मुदतीतल्या, ना एक कमी ना एक जास्त.

“वृंदा, चार पेट्यो तुज्या,” भाई म्हणाले होते. “बॉयलर, कटिंग, सोलाई, पॅकिंग. त्या पास झाल्यो काय तुजा कायमचा पत्र मी त्याच दिवशी टायप करून घेतलंय म्हणान समज.”

कायमची नोकरी म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं. बाबांच्या दम्यामुळे त्यांची होडी विकून चार वर्षं झाली होती. आई तीन वर्षांपूर्वी गेली. माझी आई, शेवंती, ह्याच कटिंगमध्ये चौदा वर्षं बसली, भागीकाकीच्या शेजारच्या मशीनवर. चौदा वर्षांत तिने एक खाडा केला नाही. अंगात ताप असला तरी सकाळी फाटकात हजर. शेवटचा ताप आला तेव्हा मात्र पाच दिवसांत सगळं आटोपलं. मी कुडाळला मावशीकडे राहून कॉलेज करत होते, पोचले तेव्हा तिला अंगणात आणलेलं होतं. भाईंनी मला नोकरी दिली ती तिच्याकडे बघून, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तर ते पुडकं. मी ते बॉयलरच्या भट्टीत टाकलं. आमची भट्टी काजूच्या टरफलांवरच चालते, तेलकट टरफलं भडाभडा जळतात, तिथे बारा पट्ट्यांचं काय चालतंय? परत येताना कटिंगच्या दारातून जात होते. शालन नावाची एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “आजपासून ती खाड्यार गो.”

“कोण खाड्यावर?” मी आत डोकावून विचारलं.

“कोण नाय,” शालन म्हणाली आणि तिने बी पात्यात धरली.

हजेरी माझ्याकडे, खाडा माझ्या नकळत कसा पडेल? मी ऑफिसात जाऊन पुस्तक उघडलं. चाळीसपैकी चाळीस हजर होत्या. म्हटलं, बायका माझी फिरकी घेतायत.

संध्याकाळी बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. होडी गेली तरी हाताला चाळा हवा म्हणून ते दुसऱ्यांची जाळी विणून देत. मी मोठ्या रुबाबात पेटीची हकीकत सांगितली. कशा चिंध्या सापडल्या, कशा भट्टीत टाकल्या.

बाबांचा हात थांबला. “जाळलंस?”

“नाहीतर काय करू? मळक्या कापडाने जखम चिघळते. शिबिरात सांगितलंय.”

“मळकी होती काय ती?”

खरं सांगायचं तर ती मुळीच मळकी नव्हती. पण यादीबाहेरची होती. बाबा जाळं बाजूला ठेवून अंगणात गेले आणि बराच वेळ माडाखाली उभे राहिले. दमा उसळला असेल असं मला वाटलं. मी त्यांना गरम पाणी नेऊन दिलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी पेट्या तपासायच्या हा माझा नेम. डिसेंबरच्या शनिवारी कटिंगची पेटी उघडली तर पुन्हा पट्ट्या. ह्या वेळी आठ. जानेवारीत पाच, त्याही कापसाच्या गुंडाळीखाली लपवलेल्या. बाकी पेटी जशीच्या तशी. चिकटपट्ट्या वीस ठेवल्या होत्या, वीसच होत्या. मलमाच्या नळीचं सील शाबूत. मी भाईंना अभिमानाने कळवलं, “कटिंगमध्ये शून्य वापर. कोणाला काही लागतच नाही.”

आता हे आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो. काजूच्या टरफलात काळं जहाल तेल असतं. ते कातडीला लागलं की उततं. आधी आग होते, मग फोड येतात, मग साल निघते. म्हणून कटिंगच्या बायका दिवसभर हात खोबरेलात बुडवून काम करतात. अशा हाताला चिकटपट्टी चिकटायची कशी? ती लावली की सुळकन निघून बियांच्या ढिगात पडायची. बायकांनी एकदा करून पाहिलं आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. माझी पेटी भरलेली राहत होती, कारण तिचा कोणाला उपयोग नव्हता. शिबिरात आम्हाला शिकवणारे डॉक्टर कधी कटिंगमध्ये बसले नव्हते. मीही बसले नव्हते. माझी आई बसली होती, पण ती घरी आल्यावर कारखान्याबद्दल चकार शब्द बोलत नसे.

जानेवारीतल्या त्या पाच पट्ट्या मी सगळ्यांसमोर वर धरल्या. “हे शेवटचं. पुढच्या वेळी पट्टी सापडली तर जिने ठेवली तिचं नाव भाईंकडे जाईल.”

भागीकाकी उठून उभी राहिली. साठीची, काटकुळी, दोन्ही हातांची कातडी काळवंडून चामड्यासारखी झालेली. “माजाच नाव घाल. भागीरथी. लिवक येता मां?”

कोणी हसलं नाही. मी तिला दाराबाहेर नेलं.

“काकी, तुला म्हणून सांगते. तपासणीस आली आणि तिला ह्या चिंध्या दिसल्या तर आपण नापास. ऑर्डर गेली, तुमचं बारा महिन्यांचं काम गेलं, माझी नोकरी गेली. मग तुला बरं वाटेल?”

तिने माझ्या हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही भांडणार. पण तिने आपला तेलकट हात पदराला पुसला, माझ्या गालाला लावला आणि म्हणाली, “नाय गो बाये. तुजी नोकरी जावची नाय. आता पेटयेत काय गावाचा नाय तुका.”

त्या पाचही आधीच्या आठांसारख्या भट्टीत गेल्या. काकीने शब्द पाळला. फेब्रुवारीच्या शनिवारी पेटी यादीबरहुकूम निघाली. दहा वस्तू, ना एक कमी ना एक जास्त. मी जिंकले होते. त्या दिवशी घरी जाताना बाबांसाठी जिलेबी घेतली.

तपासणीस यायच्या आदल्या दिवशीची दुपार. मी कटिंगमध्ये स्टुलावर चढून पेटीवर नवं कार्ड चिकटवत होते. एकाएकी पहिल्या मशीनचा आवाज थांबला. भागीकाकी डावा हात उजव्या हातात घट्ट धरून बसली होती आणि तिच्या मांडीवर रक्त ठिबकत होतं. पातं अंगठ्याच्या बुडाशी शिरलं होतं.

मी स्टुलावरून उडीच मारली. शिबिरात शिकवलेलं सगळं आठवत होतं, त्याबद्दल मी आजही त्या डॉक्टरांची ऋणी आहे. साबणाच्या पाण्याने हात धुतला, जखमेतलं तेल निघेस्तोवर धुतला. काकीने ओठ आवळून धरले, पण हूं की चूं केलं नाही. हात वर धरायला लावला. जखमेवर गॉजची घडी ठेवली आणि पेटीतली बँडेजची गुंडाळी घेऊन बांधायला लागले. इथे सगळं शहाणपण संपलं. जखम धुतली होती, पण पंज्याच्या रेघारेघांत तीस वर्षांचं खोबरेल मुरलेलं. ती जाळीदार गुंडाळी दोन वेढे घेतले की घसरायची, आवळली की बांगडीसारखी मनगटावर यायची. चिकटपट्टी लावून पाहिली, ती माझ्याच बोटाला चिकटली. गॉज लाल होत चाललं होतं.

“काकी, कनवटीची काड,” शालन म्हणाली.

“तू गप रव,” काकी म्हणाली.

“अगो रगात थांबना नाय! काड ती पट्टी!”

“शालन, सांगतंय तुका, गप रव.”

काकीने चांगला हात कमरेवर दाबून धरला. एकेक करून मशीनं थांबली.

“काय आहे कनवटीला?” मी विचारलं. “पट्टी असेल तर दे काकी. मी कोणाला सांगणार नाही. आत्ता जाळणारही नाही.”

“ती नको. दुसरा कायतरी बघ. माजो पदर फाड.”

तिचं लुगडं नव्या जाड कापडाचं होतं, ते फाटणारं नव्हतं. “का नको? एका पट्टीचं एवढं काय?”

शालन रडायलाच लागली. “शेवटची आसा म्हणान देना नाय ती! तुज्या आवशीची शेवटची आसा!”

मला आधी काही कळलंच नाही. मी गॉज दाबून धरलं होतं आणि काकीच्या तोंडाकडे बघत होते. काकी शालनकडे अशी बघत होती की डोळ्यांनीच चापट मारील.

“आईची?” मी म्हटलं. “आईची म्हणजे?”

“सांगलंस तू अखेर, भवाने,” काकी शालनला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी खाली आला. “तसा नाय गो बाये. ही कटिंगातली जुनी रीत. आमच्यातली कोण गेली काय, वरसाचा झाल्यार तिचा रोजचा लुगडा हयसर येता. वापरून वापरून मऊ झालेला. काठ बोचतत म्हणान ते काडून घराक परत धाडतंव, आणि बाकीच्याच्यो पट्ट्यो. मिठाच्या पाण्यात उकळतंव, उनात सुकवतंव. एका टायमाक एकीचाच लुगडा. तो सोपल्याबगर दुसऱ्याक हात लावचो नाय. जिचा लुगडा चलता, ती कामार आसा असा म्हणतंव आमी.”

“आणि आता...”

“दोन वर्सा तुज्या आवशीचा चलता हुता. तुज्या बापाशीन सोताच्या हातान आणून दिल्यान.”

आईच्या वर्षश्राद्धानंतर मी ते रोजचं लुगडं ट्रंकेत शोधलं होतं. मूळचं निळसर, धुऊन धुऊन रंग उडून पांढरट झालेलं. बाबांना विचारलं, तर ‘दिलंय खंयतरी’ म्हणाले, आणि मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. नंतर विसरलेही. पंचवीस पट्ट्या. बारा, आठ आणि पाच. त्या मी स्वतःच्या हाताने भट्टीत घातल्या होत्या, वर कार्डावर सही केली होती.

“मगे पयल्याच दिवशी कित्या सांगूक नाय माका?” मी कधी मालवणीवर आले ते मला कळलंही नाही.

“सांगतलंय कशी? तू पुडका जाळूनच इल्लंस. त्येच्या मागसून सांगणा म्हंजे, गो चेडवा, तू आवशीचा लुगडा जाळलंस, असा सांगणा. कोणाची जीभ वळतली?” काकीने भोवतालच्या बायकांकडे पाहिलं. सगळ्या खाली बघत होत्या. चाळीस तोंडं, चार महिने, कोणी ताकास तूर लागू दिला नव्हता. मी त्यांच्यावर डाफरत होते आणि त्या मला जपत होत्या.

“मगे परत परत पेटयेत कित्या ठेवलंस?”

“पेटी कोणाची ती ठावक आसा तुका?” काकीला तशातही हसू आलं. “आदी हयसर पेटी खंय हुती? ऑफिसात हुती, भाईच्या कपाटात, चावी लावन. तुज्या आवशीन सांगल्यान, पेटी कटिंगात लावा. भाई आयकना नाय. मगे सात दिवस ती बाय रोज टायमार कामाक येय, मशीनीर बसा, पण दांड्याक हात लावी नाय. खाडा केल्यान नाय आणि कामय केल्यान नाय. आठव्या दिवशी भाईन सोता खिळो मारल्यान त्या भिंतीर. मगे तिच्या पेटयेत तिची पट्टी नाय, तर कोणाची ठेवतलंय मी?”

रक्त माझ्या बोटांमधून यायला लागलं होतं. मी काकीच्या कमरेकडे हात नेला. तिने माझं मनगट धरलं. रक्त वाहत असलेल्या म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला देव जाणे.

“ही तुका देवची म्हणान ठेवलंय. तुज्या लग्नात घालतलंय तुज्या वटयेत. शेवटची आसा गो.”

“काकी, सोड.”

“नाय.”

“आई आसती तर तिना काय केल्यान आसता?”

काकीने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिची पकड सैल झाली.

मी कनवटीतून पट्टी काढली. तिच्यात आईचा वास असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. साबणाचा आणि उन्हाचा वास होता फक्त. गॉजची नवी घडी जखमेवर ठेवली, यादीतली, आणि वरून आईची पट्टी गुंडाळली. ती घसरली नाही. इतकी मऊ होती की हाताच्या प्रत्येक खळग्यात बसली, आणि आवळली तशी आवळत गेली. शेवटचं टोक दातांनी मधोमध फाडलं आणि दोन्ही शेंड्यांची मनगटावर गाठ मारली. रक्त थांबलं. मग मी काकीच्या मांडीवर डोकं ठेवून एवढी रडले, एवढी रडले, की आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते. काकी चांगल्या हाताने माझ्या केसांना खोबरेल फासत राहिली.

वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी तीन टाके घातले. त्यांनी पट्टी सोडून बाजूला ठेवली तेव्हा काकी त्यांना दरडावून म्हणाली, “ती टाकूची नाय हां.” टाक्यांवर त्यांचं गॉज ठेवून वरून पुन्हा तीच बांधायला लावली. डॉक्टर म्हणाले, बांधली होती मात्र झकास.

घरी गेले तर बाबा दारातच उभे. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती.

“कळला तुका?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी आत जाऊन ट्रंकेच्या तळातून एक गुंडाळी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. हिरव्या काठाचे दोन लांब पट्टे, आईच्या लुगड्याचे. “बोलूचा हुता माका. पण तू इतक्या आनंदात सांगी हुतंस, पेटी पास जातली, पेटी पास जातली. मगे नाय बोललंय.” त्या रात्री आम्ही दोघं जेवायला बसलो, पण घास कोणाच्याच तोंडात फिरेना.

सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी कटिंगच्या पेटीवरचं नवंकोरं कार्ड काढलं आणि दहाव्या वस्तूखाली पेनने अकरावी लिहिली. ‘जुन्या सुती लुगड्याची उकळलेली पट्टी. एक. सध्या वापरात.’ यादीबाहेर एक शब्द लिहिला तर काय होऊ शकतं, ते मीच काकीला सुनावलं होतं.

तपासणीस बर्वेबाई पुण्याहून आल्या होत्या, चष्मा नाकावर, हातात पॅड. भाई त्यांच्या मागे, मी भाईंच्या मागे. कटिंगच्या पेटीसमोर त्या थांबल्या. एकेक वस्तू काढून तारीख वाचली. मग कार्ड वाचलं.

“ही अकरावी वस्तू कुठे आहे?”

भाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली. भागीकाकी टाके घालूनही कामावर आली होती, मशीनवर नाही, बिया निवडायला. मी बर्वेबाईंना तिच्यापाशी नेलं. काकीने हात पुढे केला.

“चिकटपट्टी का नाही लावली?” बर्वेबाईंनी विचारलं.

मी पेटीतली एक चिकटपट्टी फोडली आणि शालनच्या हातात दिली. शालनने ती आपल्या तेलकट बोटाला लावली, बोट खाली केलं, आणि पट्टी बर्वेबाईंच्या चपलेवर पडली. बायका हसल्या. बर्वेबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून ती उचलली, काकीच्या मनगटावरची गाठ निरखून बघितली, आणि कापडाची विचारपूस केली. कसं उकळता, किती वेळ, कुठे वाळवता. लुगडं कोणाचं ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्यांच्या शेऱ्यात शेवटी असं आलं, ‘कटिंग विभागाच्या पेटीत यादीबाहेरची एक वस्तू. कारण पटले. उकळल्याची तारीख लिहीत जावी.’

ऑर्डर आली. भाई मात्र पुढे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि माझं कायमचं पत्र पुढच्या दिवाळीपर्यंत लांबलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पुन्हा मालवणी बोलायला लागले होते आणि बायकांनी मला ‘पुण्याची बाई’ म्हणणं सोडलं होतं.

तीन आठवड्यांनी काकीचा अंगठा बरा झाला. एका सकाळी ती ऑफिसात आली आणि टेबलावर पट्टी ठेवली. धुतलेली, उकळलेली, घडी घातलेली. मधोमध एक पिवळसर डाग तेवढा राहिला होता, आणि एका टोकाला मी दातांनी फाडलेल्या दोन शेंड्या.

“घे. आता ही तुजी. डाग काय जायना नाय.”

ती मी घरी नेली. रात्री हिरव्या काठांशेजारी ठेवून बघितली, हातावर गुंडाळून बघितली. लग्नाची ओटी, आईची पट्टी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मनात हाव आली, ती मी लपवत नाही. जगात तिचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. सकाळी कामावर निघताना काठ ट्रंकेत ठेवले आणि पट्टी पर्समध्ये घातली. कटिंगच्या पेटीत कात्रीशेजारी ती ठेवून दिली. कार्डावर उकळल्याची तारीख लिहिली.

दुपारी सहज पेटी उघडली तर पट्टी जागेवर नव्हती. मी मशीनांच्या रांगेवरून नजर फिरवली. तिसऱ्या ओळीत शालन बसली होती. तिच्या मधल्या बोटाला ती बांधलेली होती, दोन शेंड्यांच्या गाठीसकट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चाळीस दांड्यांच्या आवाजावरून मला ओरडून सांगितलं, “वृंदा, आज ती कामार इली गो!”

माझ्या आईने आयुष्यात एक खाडा केला नव्हता. मधले ते चार महिने मीच तिला कामावर येऊ दिलं नव्हतं.